पालकाच्या वाफ्यातलं रोप

एखाद्या रोपाचं नाव माहीत नसणं ही गोष्ट तोवर जवळजवळ संपलीच होती. रस्त्याकडेच्या कुठल्याही गवतावर फोन धरला की त्याचं नाव, कूळ, मूळ देश, औषधी उपयोग सगळं दोन सेकंदांत पडद्यावर येई. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी ‘नोंद आढळली नाही’ अशी अक्षरं उमटली, तेव्हा शैलजाबाई तोरणेंना वाटलं, फोनच बिघडला. त्यांनी तो शेजारच्या कढीपत्त्यावर धरला. कढीपत्ता बिनचूक ओळखला गेला. जास्वंद, आघाडा, कुंपणावरचं घोसाळं, सगळं ओळखलं गेलं. मग त्या पुन्हा पालकाच्या वाफ्यात वाकल्या. ‘नोंद आढळली नाही.’

बाईंना मनातून बरंच वाटलं. कुंभेरीच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, आणि शेवटची दहा वर्षं पोरं त्यांच्याकडे बघायच्या आधी फोनकडे बघत. आता फोनला येत नसलेलं काहीतरी त्यांच्याच परसात, न लावता, आपणहून उगवलं होतं.

वीतभर उंचीचं रोप. पानं राजगिऱ्यासारखी, पण जाडसर. देठ जांभळा, इतका गडद की कुणी शाईत बुडवून काढला असावा. पान चुरगळून हुंगलं तर ओल्या नाण्यासारखा वास आला.

“उपटून टाक ना ताई ते तण,” भिंतीपलीकडून आवाज आला.

भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहत असे, रणजित. वय साठ, अंगानं दांडगा, आणि बहिणीच्या बाबतीत हळवा. बारा वर्षांपूर्वी शैलजाबाईंचे यजमान गेले तेव्हा हाच त्यांना मैत्रबन सोसायटीत घेऊन आला. आपल्या घराला लागून असलेला मोकळा प्लॉट त्यानं बहिणीच्या नावावर करून दिला, वर उभं राहून घर बांधून घेतलं. भिंतीत मुद्दाम एक दार ठेवलं. त्याची बायको वंदना असेतोवर त्या दारातून दिवसातून दहा वेळा वाट्या इकडून तिकडे जात. चार वर्षांपूर्वी वंदना किडनीच्या आजारानं गेली. मुलगा कॅनडात. तेव्हापासून भाऊ-बहीण दुपारचं जेवण एकत्र घेत.

“तण कसं म्हणतोस? नाव कळू दे आधी,” बाई म्हणाल्या.

“नाव कळून काय करायचंय? ॲलर्जी-बिलर्जी असेल. दे, मी उपटतो.”

तो खरंच दारातून आत आला. बाईंनी त्याला वाफ्याच्या अलीकडेच थांबवलं. “हात लावायचा नाही,” त्या वर्गात बोलत तशा बोलल्या. रणजित हसला, पण त्याची नजर रोपावरून हलेना.

दोन आठवड्यांत रोप कमरेएवढं झालं आणि त्याला फुलं आली. बाईंनी जुनं भिंग काढलं, चष्मा वर सरकवला आणि ओट्यावर पान, फूल, देठ मांडून बसल्या. फुलाला चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले दोन आखूड. म्हणजे मोहरीचं कूळ. पण पानांची ठेवण मोहरीची नव्हती, आणि मुळाचा तंतू खणून काढावा तर तो संपेचना. दोन फूट, तीन फूट, खुरपं टेकलं तरी तो आपला सरळ खाली. एका रोपात दोन कुळं एकत्र झालेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. शेवटी त्यांनी दोन पानं वर्तमानपत्राच्या घडीत दाबली आणि तन्वीर मुजावरला पाठवली. तन्वीर त्यांचा जुना विद्यार्थी, आता एका वनस्पती संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर.

उत्तर येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो स्वतःच, तिसऱ्या दिवशी, साठ किलोमीटर गाडी चालवत. चहा नको म्हणाला. खिशातून रबरी हातमोजे काढून चढवले आणि थेट परसात गेला. रोपाजवळ तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

“मॅडम, तुम्ही ह्याला नुसत्या हातानं हात लावलात?”

“लावला की. का रे?”

“हात धुवा आधी. साबणानं. मग सांगतो.”

पायरीवर बसून त्यानं सांगितलं ते असं. हे रोप कुठल्याही जंगलात मिळणार नव्हतं. ते माणसानं घडवलं होतं, आणि घडवणाऱ्यांत तन्वीरही होता. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीत काय काय मुरवलंय हे शोधायचं, तर जागोजागी खड्डे घेऊन माती तपासावी लागते. हजारो एकर कोण तपासणार? म्हणून त्यांनी ते काम बीवर सोपवलं. प्रत्येक बीमध्ये रुजायचं की नाही हे ठरवणारं एक प्रथिन असतं, एक प्रकारचं कुलूपच. ह्या बीचं कुलूप त्यांनी असं बदललं की ते पाण्यानं, उन्हानं उघडत नाही. मातीत कॅडमियम नावाचा धातू ठरावीक प्रमाणाच्या वर असला, त्याचे कण त्या प्रथिनाला चिकटले, तरच ते उघडतं. नाहीतर बी तशीच कुजून जाते. एकदा रुजली की तिची मुळं पंधरा-वीस फूट खाली जातात, धातू वर ओढतात आणि पानांत साठवतात. धातू जितका जास्त, देठ तितका जांभळा.

“आम्ही ती नदीकाठच्या एका बंदिस्त पट्ट्यात पेरली होती,” तन्वीर म्हणाला. “पक्षी खाणार नाहीत असा अंदाज होता. पक्ष्यांनी खाल्ली. बी कुठंही पडली असेल मॅडम, दहा जिल्ह्यांत पडली असेल. पण रुजायला ती तुमच्या वाफ्यात रुजली.”

बाईंनी देठाकडे पाहिलं. तो आता जवळजवळ काळा दिसत होता.

“आणि पालक?”

“पालक, अळू, राजगिरा, सगळ्या पालेभाज्या हेच करतात. फक्त दाखवत नाहीत. खाणाऱ्याच्या किडनीत तो साठत जातो, वीस-पंचवीस वर्षं बाहेर पडत नाही. किडन्या निकामी होतात. हाडं ठिसूळ होतात.”

गेल्या वर्षी अर्धी बादली उचलताना शैलजाबाईंचं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं. मनगट धरून त्या बसून राहिल्या. आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे वंदना आली, डायलिसिसच्या खुर्चीवर, पाय सुजलेली, ‘वन्सं, तुमच्या पालकाची आमटी आणा, इथलं जेवण जात नाही’ म्हणणारी.

“ही जमीन आधी कशाची होती, मॅडम?”

“माळ होता म्हणतात. रणजितला माहीत असेल.” आणि बोलता बोलता त्यांना आठवलं, की रणजितचा त्या काळचा धंदा टँकरचा होता.

नोंद अजून केली नाही, असं तन्वीर म्हणाला. नोंद एकदा झाली की कायद्यानं माती सील होते, एकवीस दिवसांत वस्ती हलवावी लागते, आणि जबाबदार कोण ह्याची चौकशी सुरू होते. बाईंनी दोन दिवस मागितले.

“दोन दिवसांत काय बदलणार आहे?”

“काहीच नाही. पण माझ्या भावाला हे मी सांगेन. दारात शिपाई उभा राहून कळायला नको.”

तन्वीरनं मान खाली घातली. “परवा पाच वाजता मी नोंद करणार. तोवर तिथली भाजी कुणी खाऊ नये. आणि रोप उपटू देऊ नका. जाळू तर अजिबात नका, सगळा धातू धुरात येईल.”

तो गेल्यावर बाई जिना चढून गच्चीवर गेल्या, आणि तिथून लोखंडी शिडीनं पाण्याच्या टाकीवर. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी चढल्या नव्हत्या. खाली बेचाळीस घरांची परसं पसरली होती. पाटसकरांच्या गुलाबांमागे जांभळे देठ होते. पलीकडे निवृत्त पोस्टमास्तरांच्या मिरच्यांत होते. त्यापलीकडे, मुलांच्या घसरगुंडीजवळ, दाट होते. एक, दोन, पाच, नऊ परसं. त्या देठांवरून नजर फिरवत नेली की एक मोठा वाकडा गोल पुरा होत होता, आणि त्या गोलाबाहेर एकही रोप नव्हतं. जमिनीखाली बुजवलेल्या कशाचा तरी काठ कुणी वरून आखून द्यावा तसा. गोल फक्त एका ठिकाणी तुटला होता, रणजितच्या परसात. तिथे जांभळं काही नव्हतं. होते ते ताजे खणलेले खड्डे, ओळीनं, सात.

बाई भिंतीतल्या दारातून पलीकडे गेल्या तेव्हा रणजित ओसरीवर शेंगा सोलत बसला होता.

“रणू, इथं खाली काय आहे?”

त्यानं शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, “खाण होती. दगडाची. चाळीस फूट खोल.”

“आणि तिच्यात?”

“रंगाचा कारखाना होता ना ओढ्यापलीकडं, त्यांचं पिवळं पाणी. गाळ. पिंपं. ते म्हणायचे, घेऊन जा, कुठं टाकतोस ते आम्हाला सांगू नकोस. चार टँकर होते माझे, हप्ते होते, वंदना पोटुशी होती.” त्यानं नाक पुसलं. “माळावर चिटपाखरू नव्हतं गं ताई तेव्हा. इथं वस्ती होईल असं कुणाला वाटलं होतं? पाच वर्षांनी एकानं खाण बुजवली, प्लॉट पाडले. त्याला सगळं माहीत होतं. मला दोन प्लॉट दिले आणि म्हणाला, आता गप्प बस.”

“आणि तू त्यावर घर बांधलंस. मला आणून ठेवलंस.”

“वीस फूट मुरूम टाकला होता वर! चांगली माती टाकली. मला वाटलं, संपलं ते. वाईट असतं तर मी माझं घर बांधलं असतं का इथं? वंदनाला ठेवली असती?”

बाईंच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच थांबलं. दर पावसाळ्यात खालचं पाणी मुरमातून वर चढतं आणि विषही वर आणतं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं एक गोष्ट डोक्याच्या एका खोलीत आणि दुसरी दुसऱ्या खोलीत ठेवून तो जगला होता, आणि मधलं दार त्यानं कधी उघडलं नव्हतं.

“मग ती सात रोपं का उपटलीस?”

“तू फोनवर नाव सापडत नाही म्हणालीस ना, तेव्हाच छातीत धस्स झालं. का, ते नाही सांगता येत.”

इतक्यात फाटक वाजलं. ऋजुता पाटसकर होती, पलीकडच्या घरातली तरुण सून, चार वर्षांच्या लेकीचा हात धरून. “मावशी, पालक आहे का हो आज? ही दुसरं काही खातच नाही.”

“आज नाही गं,” शैलजाबाई म्हणाल्या. “कीड पडलीय. आणि तुमच्याकडं असेल तोही नको करू दोन दिवस.”

“अय्या, काल रणजितकाकांनी दिलेला तर खाल्ला आम्ही. छान होता की.”

ती हसून निघून गेली. रणजित शेंगांच्या टरफलांकडे बघत होता. परवा पाच वाजता ह्या रोपांची नोंद होऊन चौकशी लागणार आहे, तू आधी आपणहून जबाब दे, एवढंच बाई त्याला म्हणाल्या. जाळू नकोस हे सांगायचं राहिलं. पुढे अनेकांनी त्यांना विचारलं, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या, की राहिलं. सांगितलं असतं तर पानांत काय आहे ते सांगावं लागलं असतं, आणि तिथून वंदना एका वाक्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रक्त तपासायला शहरात गेल्या. खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं. दुपारी दीडच्या सुमाराला रिक्षा सोसायटीच्या कमानीत वळली आणि त्यांना धूर दिसला. काळा नव्हे, पिवळसर, जड, झाडांच्या उंचीवरच लोंबकळणारा.

झालं होतं असं, की रणजित सकाळपासून नऊही घरी गेला होता. ‘ही ॲलर्जीची रोपं आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका, मी काढून देतो,’ म्हणाला. लोकांनी आभार मानले. पोस्टमास्तरांनी सरबत दिलं. सगळी रोपं त्यानं हातगाडीवर घालून घसरगुंडीमागच्या मोकळ्या जागेत आणली, रॉकेल ओतलं आणि पेटवलं. ओली रोपं जळेनात, म्हणून तो काठीनं ढोसत, वाकून फुंकत उभा होता.

“मुलांना आत घ्या! खिडक्या लावा!” बाई रिक्षातूनच ओरडत सुटल्या. पदर नाकाला लावून त्या धुरात घुसल्या आणि साठ वर्षांच्या दांडग्या भावाला त्यांनी मोडक्या मनगटानं ओढून काढलं. तो खोकत होता. “झालं ताई, संपलं सगळं,” तो म्हणत होता. “आता कुणाला काही सापडत नाही.”

घसरगुंडीवर तीन मुलं होती. त्यांतली एक ऋजुताची.

बाईंनी तिथेच उभं राहून तन्वीरला फोन लावला. “उद्या पाचची वाट बघू नकोस. आत्ता नोंद कर. आणि रुग्णवाहिका पाठव.”

संध्याकाळपर्यंत रणजित ठीक वाटत होता. मला काही झालेलं नाही, म्हणून तो डॉक्टरांशी भांडतही होता. कॅडमियमचा धूर तसाच असतो, तन्वीर म्हणाला, आधी नुसता खोकला येतो, फुप्फुसं आतून नंतर सुजतात. पहाटे त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. मुलं वाऱ्याच्या उलट बाजूला होती, धूर त्यांच्याकडे कमीच गेला होता. त्यांना दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं आणि सोडलं. पुढे काय होईल हे कुणी सांगू शकलं नाही.

मैत्रबनात पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. परसांभोवती पट्ट्या लागल्या. मातीचे नमुने निघाले आणि आकडे फलकावर लागले, आणि लोक एकेक करून शैलजाबाईंच्या फाटकाशी येऊन थांबू लागले. तुम्हाला कधी कळलं, हाच सगळ्यांचा प्रश्न. बाई कुणाशी खोटं बोलल्या नाहीत. धुराच्या आदल्या दिवशी दुपारी, त्या सांगत. ऋजुताही आली. कीड पडलीय, हे शब्द तिला आठवत असणार हे बाईंना तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती गेल्यावर त्यांनी प्रथमच दार लावून घेतलं आणि रडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यांना आत सोडलं. रणजितच्या तोंडावर मास्क होता, त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्याला फार बोलू देऊ नका, मनाला लागेल असं काही सांगू नका, असं डॉक्टर बजावून गेले होते. बहीण दिसताच त्यानं मास्क बाजूला सारला.

“ताई. वंदनाची किडनी ह्याच्यामुळं गेली?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शैलजाबाईंना सांगता आलं असतं, की आता ते कळायला मार्ग नाही. शास्त्राच्या हिशेबानं ते निम्मं खरंही ठरलं असतं. भाऊ कदाचित बरा झाला असता, आणि उरलेली वर्षं त्यानं काढली असती. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. बोटांची नखं धुरानं पिवळी पडली होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “तसंच झालं असणार रणू. ती रोज तिथलंच खायची.”

तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता. नर्स आली, मास्क नीट बसवून गेली. त्यानं डोळे मिटले. बाईंना वाटलं, झोप लागली. त्या उठणार तोच त्यानं त्यांचा हात दाबला.

“कागद आहे?”

“कशाला?”

“टँकर एकाच खाणीत नव्हते जात.”

बाईंनी पर्स उघडली. औषधांच्या यादीची मागची बाजू कोरी होती. पेन पर्सच्या तळाशी सापडलं.

“तीन जागा आहेत अजून,” एकेक शब्दाला थांबत रणजित म्हणाला. “कुरणाची खाण. तिच्यावर आता भाजी मंडई आहे. मग पिंपळओढ्याची जुनी विहीर. त्या ओढ्याचं पाणी खालच्या दोन वाड्या पितात. आणि तिसरी...” त्याला दम लागला. यंत्र पिपाणीसारखं वाजलं आणि थांबलं. “तिसरीवर मुलींचं वसतिगृह आहे. पोरी मागच्या बाजूला भाजी लावतात ताई. गेल्या साली मीच त्यांना खत नेऊन दिलं.”

“नावं सांग,” शैलजाबाई म्हणाल्या. “गट नंबर आठवतात का?”

तो सांगत गेला आणि त्या लिहीत गेल्या. पंचवीस वर्षं झाली होती, पण गट नंबर, वळणं, रस्त्यावरची झाडं, सगळं त्याला तोंडपाठ होतं.